कृपा मिळाली आहे, मग प्रयत्न कशासाठी?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "वय 36. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. मंडळीतच वाढलो, आता संडे स्कूलला शिकवतो. मंडळीत सगळे मला शांत माणूस समजतात. घरी मात्र रागावर ताबा राहत नाही. गेल्या महिन्यात नऊ वर्षांच्या मुलावर हात उचलला. आता मी घरी आलो की तो आतल्या खोलीत जातो. एक पाळक म्हणाले, स्वतः धडपडू नका, सगळं कृपेवर सोडा. दुसरे म्हणाले, उपास-प्रार्थना वाढवा, तुमचा प्रयत्न कमी पडतोय. 2 पेत्र 1:5 मध्ये 'होईल तितका प्रयत्न' करा असं लिहिलंय. मग कृपा कुठं राहिली? आणि सुरुवात कुठून करू?"

प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न वाचून मी लगेच लिहायला बसलो नाही. तीस वर्षं पाळकाचं काम केलं. निम्मी वर्षं पन्हाळा-शाहूवाडीकडच्या लहान मंडळ्यांत गेली, निम्मी कोल्हापूर शहरात. हाच प्रश्न कधी दारूच्या, कधी जिभेच्या, कधी भावकीतल्या वाटणीच्या रूपानं माझ्यापुढं अनेकदा आला. पण मुलगा आतल्या खोलीत जातो हे तुमचं वाक्य मनातून हलेना. म्हणून आधी त्याचंच बोलतो, शास्त्राकडं मग वळू.

घडल्या गोष्टीला "राग अनावर झाला" असं नाव देऊ नका. त्या वाक्यात राग कर्ता होतो आणि तुम्ही बाजूला उभे राहता. "मी त्याला मारलं" असं म्हणा. आधी देवापुढं म्हणा, मग बायकोपुढं, मग त्या पोरापुढं. आणि हे पुन्हा घडलं, किंवा घडेल अशी तुम्हाला स्वतःलाच धास्ती वाटत असेल, तर पाळकाबरोबर समुपदेशकाचीही गाठ घ्या. डॉक्टरला रक्तदाब दाखवा, झोपेचं सांगा. पाळ्या बदलून काम करणाऱ्याची झोप मोडलेली असते, आणि मोडलेल्या झोपेत माणूस कडवट होतो. यात विश्वास कमी पडल्याची लाज वाटून घेऊ नका. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून आपल्या भागातल्या मंडळ्यांनी प्रार्थना आणि औषध यांत कधी वैर मानलेलं नाही.

आता तुमचे दोन पाळक. दोघंही खोटं बोलले नाहीत. एक जण चौथ्या वचनावर थांबले आणि दुसऱ्यांनी पाचव्यापासून सुरुवात केली, एवढंच. येशूचा शिष्य पेत्र याचं नव्या करारातलं दुसरं पत्र उघडून पहिला अध्याय तिसऱ्या वचनापासून एका दमात वाचा. तिसऱ्या वचनात तो सांगतो की जीवनाला आणि सुभक्तीला जे जे लागतं ते सगळं देवानं आपल्या सामर्थ्यानं देऊन टाकलं आहे. चौथ्यात मोलवान वचनांचं आणि देवाच्या स्वभावाचे वाटेकरी होण्याचं बोलतो. आणि मग पाचवं वचन सुरू होतं ते "ह्या कारणास्तव" या शब्दांनी. उपदेशात हे शब्द बहुतेक वेळा घाईत गिळले जातात. सगळं मिळालं आहे, ह्या कारणास्तव प्रयत्न करा. मिळावं म्हणून करा असं तो कुठंही म्हणत नाही. पाटाचं पाणी शेताच्या बांधावर येऊन थांबलं आहे. आता दारं धरायला शेतकऱ्यानं रात्री उठायला हवं. पाणी त्यानं आणलं नाही, पण तो झोपून राहिला तर ऊस वाळणारच.

पाचव्या वचनापासून पेत्र विश्वासात एकेका गुणाची भर घालायला सांगतो. त्या "भर घाला" या शब्दामागचा मूळ ग्रीक शब्दही सांगण्यासारखा आहे. प्राचीन अथेन्समध्ये नाटकातल्या गायकवृंदाचा खर्च, त्यांची तालीम, पोशाख, सगळं एखादा सधन नागरिक आपल्या पदरचं घालून उचलायचा. त्या माणसाच्या नावावरून ते क्रियापद आलं. म्हणजे पेत्राच्या "भर घाला" मध्ये चिमूटभर मीठ टाकण्याचा भाव नाही. गावजेवणाचा खर्च अंगावर घेणाऱ्या माणसाची सढळता आहे. आणि तेच क्रियापद पेत्र अकराव्या वचनात पुन्हा वापरतो, या वेळी देवाच्या बाजूनं: प्रभूच्या राज्यातला तुमचा प्रवेश तो तितक्याच सढळ हातानं पुरवील. मी हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. आपण हात आखडून काटकसरीनं पवित्र व्हायला बघतो, आणि तो दोन्ही हातांनी देत उभा आहे.

तुम्ही फौंड्रीतले, म्हणून तुमच्याच कामाचं विचारतो. ब्लोहोल कधी दिसतो? साचा फोडला, कास्टिंग घासून साफ केलं, वरून बघितलं तर नितळ. मशिनिंगला गेलं, वरची कातडी निघाली, की आतलं भोक उघडं पडतं. तुम्ही मशीनला दोष देत नाही. वाळूत ओल राहिली होती का, वायूला निघायला वाट ठेवली होती का, हे बघता. तुमचं घर हे मशिनिंग आहे. मंडळीत आपली वरची कातडी दिसते. बायको, मुलं, म्हातारी आई, पगाराची तारीख आणि संध्याकाळची भूक हे ती कातडी काढतात. म्हणून घरच्यांवर ठपका ठेवू नका, आणि मंडळीतली शांतता खोटी होती असंही लगेच ठरवू नका. ओल कुठं राहिली ते शोधू या.

पेत्र ती जागा नवव्या वचनात दाखवतो, आणि मला वाटतं या सगळ्या उताऱ्याची किल्ली तिथंच आहे. ज्याच्यात हे गुण वाढत नाहीत त्याच्याबद्दल तो काय म्हणतो बघा. तो आळशी आहे असं म्हणत नाही. तो जवळचंच बघणारा आंधळा आहे आणि आपल्या पूर्वीच्या पापांपासून आपण शुद्ध झालो हे विसरला आहे, असं म्हणतो. विसरला आहे! पुढं बारा, तेरा आणि पंधरा या तिन्ही वचनांत पेत्र आठवणीचंच बोलतो. मी तुम्हाला आठवण देत राहीन, या देहाच्या मंडपात आहे तोवर जागं ठेवीन, मी गेल्यावरही तुम्हाला आठवण राहावी अशी सोय करीन. मरण जवळ आलेला म्हातारा माणूस तीन-तीनदा एकच गोष्ट सांगतो तेव्हा ती खूणगाठ बांधून ठेवावी. माझा तीस वर्षांचा अनुभवही हाच आहे. वाढ खुंटलेली जी माणसं मी पाहिली, त्यांच्यात प्रयत्न कमी पडलेली थोडी होती. आपल्याला काय माफ झालंय हे विसरलेली फार होती. माफी विसरलेला माणूस दोनच गोष्टी करू शकतो. एक तर स्वतःला सारखा शिक्षा करत राहतो, नाहीतर घरच्यांना.

तुम्ही मंडळीत वाढलात. आपल्यासारख्यांना हा विसर लवकर पडतो, कारण आपल्याला वाटतं आपण कधी फार लांब गेलोच नव्हतो.

देवाचं ज्ञान म्हणतात ते इथं कामाला येतं. पेत्र या अध्यायात दोन वेगळे शब्द वापरतो. गुणांच्या यादीतला शब्द साध्या ज्ञानाचा आहे: समज, विवेक, कुठं काय करावं ते कळणं. पण दुसऱ्या, तिसऱ्या आणि आठव्या वचनातला शब्द त्याहून खोल आहे. त्याला मराठीत "ओळख" हाच शब्द नीट बसतो. ओळख माणसाची असते. माहिती कितीही गोळा केली तरी तिची ओळख होत नाही.

आपल्या मराठी मंडळीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण पंडिता रमाबाई आहेत. संस्कृत शास्त्रात पारंगत बाई. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. स्वतःच्या साक्षीत त्यांनी हे लपवलं नाही. आणि ओळख झाल्यावर काय केलं? हातपाय आवरून बसल्या नाहीत. दुष्काळातल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. उतारवयात हिब्रू-ग्रीकच्या आधारानं अख्खं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी ते काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते बायबल छापून निघालं. कृपा की प्रयत्न, असा प्रश्न या आयुष्यापुढं टिकत नाही. ओळख जितकी खोल गेली तितकी मेहनत वाढली, आणि त्या मेहनतीत कुठं देवाला खूश करून काही मिळवण्याची धडपड दिसत नाही.

कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत हे पहाटे चार वाजता बघायला मिळतं. नुसता खुराक खाऊन मेहनत न करणाऱ्याची काय गत होते ते वस्तादाला विचारा. आणि खुराकाशिवाय जोर-बैठका मारणाऱ्याचीही. प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सुभक्तीविषयी कसरत कर असं लिहिलं, तो शब्द आखाड्यातलाच आहे; आजचा "जिम" हा शब्द त्याच मुळातून आला. फिलिप्पैकरांस दुसऱ्या अध्यायातही तो दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. तिथंही "कारण" आहेच.

यादीकडं येऊ. विश्वासात सात्त्विकता, मग ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि प्रीती. ही शिडी समजू नका, की पहिली पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवायचा नाही. एकात दुसरा मुरतो. सात्त्विकतेबद्दल एकच सांगतो. पाचव्या वचनातला हा शब्द तिसऱ्या वचनात आधी देवासाठी येऊन गेला आहे. त्यानं आपल्याला स्वतःच्या गौरवानं आणि सात्त्विकतेनं बोलावलं. म्हणजे जी पहिली भर घालायची ती आधी त्याच्यात पाहिलेली असते. ज्ञान आणि सुभक्तीवर मी आज थांबत नाही. तुमची अडचण इंद्रियदमनापाशी आहे.

इंद्रियदमन म्हटलं की आपल्याला दारू आणि परस्त्री एवढंच सुचतं. मूळ शब्दाचा अर्थ स्वतःवर पकड असणं. त्यात जीभ येते, हात येतो, रात्री बारापर्यंत मोबाइलवर फिरणारा अंगठाही येतो. आणि हा शब्द कोणाच्या पत्रात आहे? ज्यानं गेथशेमाने बागेत तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापला त्याच्या. पेत्राचा राग तुमच्यापेक्षा कमी नव्हता भाऊ. तुमच्या घरात गेला महिना जसा गेला, तशी एक रात्र त्याच्याही वाट्याला आली होती. त्या रात्री तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा राहिला आणि प्रभूला नाकारलं. पुढं तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभूनं त्याला जवळ बोलावलं तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला होता. योहानानं दोन्हीकडं तोच शब्द वापरला आहे आणि नव्या करारात तो शब्द बाकी कुठंही येत नाही. जिथं पडला तोच वास, तीच ऊब, आणि तिथंच न्याहारी. शुद्ध झाल्याची आठवण ठेवा असं पेत्र लिहितो तेव्हा त्याच्या नाकात तो धूर असणार, असं मला नेहमी वाटतं.

आता हातात घेण्याजोगं काही सांगतो. "राग सोडीन" असा नवस करू नका. राग येतो कधी ते आधी वहीत लिहा. पंधरा दिवस नुसतं लिहा: वार, वेळ, जागा, त्याआधी काय खाल्लं होतं, कुणाचा फोन येऊन गेला होता. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं, त्यांच्यापैकी बहुतेकांचा राग दिवसभर पसरलेला नव्हता. अर्ध्या-पाऊण तासाच्या एका ठरावीक पट्टीत बसलेला होता. तुमचा बहुधा घरी पोचल्यापासून जेवणापर्यंत असेल. तसं निघालं तर चोवीस तासांशी झुंजू नका, त्या पाऊण तासाचं बघा.

शिरोलीहून शहरात येताना पंचगंगेचा पूल लागतो. त्या पुलाच्या अलीकडं गाडी बाजूला घ्या आणि दोन मिनिटं थांबा. कारखान्याचा फोन बंद करा. देवाला मोठ्यानं सांगा की आज मला काय माफ झालं. दिवसभरातलं एक तरी नेमकं सांगा: हेल्परला टाकून बोललो, रिजेक्शनचा आकडा सांगताना अर्धं झाकून ठेवलं. मग म्हणा, तू मला माफ केलंस, आता मी माझ्या लेकराकडं जातोय. पुढं तावडे हॉटेलच्या गर्दीत हॉर्न वाजतीलच. पण माफ झालेला माणूस त्या गर्दीतून वेगळ्या मनानं गाडी काढतो. आणि भुकेल्या पोटी घरी जाऊ नका. पिशवीत शेंगदाणे-गूळ ठेवा. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर आणि पाणीच दिलं होतं.

सकाळी मार्काचं शुभवर्तमान घ्या. अध्याय सोळाच आहेत. रोज एकच प्रसंग, हळू. धडा शोधू नका, संडे स्कूलची तयारी म्हणून तर मुळीच वाचू नका. येशू या प्रसंगात काय करतो, कुणाकडं बघतो, कशानं दुखावतो, एवढंच बघा. तिसऱ्या अध्यायात तो सभास्थानात रागावतो, आणि त्याच ओळीत लोकांच्या मनाच्या कठीणपणाबद्दल खिन्न होतो. दहाव्या अध्यायात शिष्य मुलांना हटकतात तेव्हा तो रागावतो, आणि तो प्रसंग संपतो तेव्हा मुलं त्याच्या कवेत असतात. माझी पोरं लहान असताना या ओळीनं मला रडवलं आहे. माझ्या रागातून पोरं लांब पळायची आणि त्याच्या रागातून जवळ आली. मी पुष्कळदा उपास केले होते, पण मला बदलायला सुरुवात झाली ती त्या ओळीपासून. उपास वाईट नाही. पण ज्याचा चेहरा आपण पाहिला नाही त्याच्यासारखं व्हायचं कसं?

चूक झालीच तर त्याच दिवशी माफी मागा, आणि माफीच्या वाक्यात "पण" येऊ देऊ नका. "मी ओरडलो, माझं चुकलं, पण तू अभ्यास केला नव्हतास" यात माफी शिल्लक राहत नाही.

धीराबद्दल शाहूवाडीकडच्या एका आजीचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तिला अक्षर येत नव्हतं. स्तोत्रं तोंडपाठ, तीही तिच्या बोलीत थोडी वळलेली. ऐन उमेदीत तिच्या जावेनं तिला फार छळलं होतं, शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक. पुढं ती जाऊ अंथरुणाला खिळली आणि तिचं करायला कोणी उरलं नाही. या आजीनं सहा वर्षं तिचं सगळं केलं. अंघोळ, धुणं, भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीत दोनदा कूस बदलणं. मी तेव्हा तरुण पाळक होतो. एकदा विचारलं, "आजी, एवढं कसं जमतं तुम्हाला?" मला वाटलं ती प्रार्थनेचं काही सांगेल. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "त्यानं मला सोसलं न्हवं का? मग म्या हिला सोसाया काय झालं." त्यानंतर तिनं माझ्या ताटात कोरड्यास वाढलं आणि विषय संपला.

मी धर्मशिक्षणाच्या परीक्षा दिलेला माणूस. ओळख कशाला म्हणतात ते मला त्या चुलीपुढं कळलं. तिच्या धीराला मुदत नव्हती, आणि आपण फार सोसतोय असं तिच्या बोलण्यात कधी आलं नाही. तिचा विश्वास पहिल्यापासून असा होता असं मात्र समजू नका. गावातली माणसं सांगायची की तिशीत ही बाई तोंडाची फार तिखट होती.

बंधुप्रेमाचं थोडं माझ्यावरच घेऊन सांगतो, कारण तुम्ही तुमचं उघडं केलंत. एका मंडळीत असताना दफनभूमीच्या कुंपणाच्या खर्चावरून तिथल्या एका ज्येष्ठ सभासदांशी माझं बिनसलं. हिशेबात मी बरोबर होतो, पण चारचौघांत त्यांना बोललो ते शब्द बरोबर नव्हते. चार वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त "सलाम" एवढंच बोललो. त्या चार वर्षांत मी प्रीतीवर किती उपदेश केले असतील! मी प्रभुभोजन देतो त्या रविवारी ते येत नाहीत हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा कुठं जाग आली. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढं ठेव आणि आधी त्याच्याकडं जा, हे वचन मी लोकांना शिकवत होतो. तरीही निघायला मला आणखी महिना लागला. एका संध्याकाळी स्कूटर काढली आणि त्यांच्या घरी कसबा बावड्याला गेलो. दारात उभं राहून म्हणालो, "मी तुम्हाला सगळ्यांपुढं कमी लेखलं. माझी चूक झाली." कुंपणाचं नाव काढलं नाही. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन चहा सांगितला. पूर्वीची दोस्ती परत आली असं नाही म्हणणार. पण पुढच्या प्रभुभोजनाला ते आले.

असंच दुसरं एक जुनं प्रकरण आहे. अंत्युखियात पौलानं पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. पेत्र तिथं खरंच चुकला होता. पवित्र आत्मा मिळाल्यानंतर, इतक्या वर्षांच्या सेवेनंतर चुकला होता. तुम्हाला वाटतं ना, इतकी वर्षं मंडळीत राहून मी असा कसा? पेत्रही इतकी वर्षं राहून तसा होता. आणि आता याच दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय उघडा, पंधरावं वचन. तिथं पेत्र पौलाला "आपला प्रिय बंधू" म्हणतो. ज्यानं चारचौघांत कान उपटले, त्याला. बंधुप्रेमाची भर घाला असं लिहिणाऱ्यानं ती आधी स्वतःच्या पदरची घातली होती.

म्हणून एक माणूस शोधा. तुमच्याहून वयानं मोठा, मंडळीतलाच, गोड बोलणारा नको. त्याला सगळं सांगा, मुलाचंही. आठवड्यातून एकदा त्यानं तुम्हाला तोंडावर विचारायचं: या आठवड्यात घरात काय झालं? खोटं बोलायची सोय राहू नये म्हणून कधीमधी तुमच्या बायकोलाही त्यानं विचारावं. वस्ताद नसलेल्या तालमीत पोरं नुसती आरशात बघतात.

आणि काही काळ संडे स्कूलमधून रजा घ्या, असं मी सुचवतो. शिक्षा म्हणून सांगत नाही. दर रविवारी दुसऱ्यांच्या मुलांपुढं शांत माणूस म्हणून उभं राहणं तुम्हाला आत्ता महाग पडतंय. दोन-तीन महिने आपल्या मुलाशेजारी बाकावर बसा. गीतपुस्तक त्याला धरू द्या.

शेवटी पुन्हा त्याच्यावरच येतो. तुम्ही माफी मागितल्यावर तो लगेच गळ्यात पडेल अशी वाट बघू नका, आणि नाही पडला तर वाईट वाटून घेऊ नका. त्याला आतल्या खोलीतून हाक मारून बाहेर बोलावू नका. ती खोली आत्ता त्याला सुरक्षित वाटते, ती त्याच्याकडं राहू द्या. तुम्ही रोज ठरल्या वेळी घरी या, बूट काढा, हातपाय धुवा आणि बाहेरच्या खोलीत खाली चटईवर बसा. फोन हातात नको. त्याच्या सायकलची चेन असेल, तुटलेलं खेळणं असेल, ते दुरुस्त करत बसा. आठ दिवस जातील, महिना जाईल. तो दारापर्यंत येईल, बघेल आणि परत जाईल. तुम्ही तिथंच बसलेले असा. तो येऊन शेजारी बसला की मला दोन ओळी लिहा. मी वाट बघतोय, आणि तुमच्या तिघांसाठी रोज सकाळी प्रार्थना करतोय.